घमेल्याखाली झाकलेलं डुकराचं पाऊल

भाऊबीजेच्या रात्री आमच्यातलं कुणीच राखणीला गेलं नाही. जायचंच नव्हतं असं नाही, पण बहीण आलेली, तिची पोरं, तिकडं चुलतभावांचा पत्त्याचा डाव, आणि मुख्य म्हणजे दिवाळीचे चार दिवस गावात रात्री अकरा-बारापर्यंत फटाके फुटायले होते त्यामुळं शिवारात डुक्कर सोडा डुकराचा वास पण नव्हता, मग आप्पाच म्हणाले ऱ्हाऊ दे आजचा दिवस, उद्यापासनं जाऊ. २३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. तारीख पाठ आहे कारण पुढच्या चार महिन्यात ती मी निदान दहा कागदांवर लिहिली.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, पश्चिमेकडचं. बेळगावच्या माणसाला आम्ही जंगलातले वाटतो आणि आमच्या पलीकडच्या गावांना आम्ही शहरातले. गावामागं रान सुरू होतंय ते तसंच पुढं भीमगडला जाऊन मिळतंय. मी बेळगावात उद्यमबागला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे, शनिवारी रात्री गावाला यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. शेती आप्पा आणि काका बघतात. खाली दीड एकर भात, इंद्रायणी, आणि त्याच सर्वे नंबरात वरच्या माळाला लाल मातीत पंधरा-सोळा गुंठे रताळी.

शुक्रवारी सकाळी काका बैलं सोडायला गेले ते बैलं न सोडताच परत आले. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "गेलं गा." काय गेलं ते विचारायची गरज नव्हती.

डुकराच्या नुकसानीची एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे आपलं म्हणायचं, की बांधावर उभं राहून बघितलं तर काहीच झालं नाही असं वाटतंय. गवे आले की बांध फुटलेला असतो, कडेकडेनं खाल्लेलं दिसतं. दांडेलीकडनं कधी हत्ती आला तर मग लांबच्या रस्त्यावरनं पण कळतं. डुक्कर तसं नाही. कडेचं भात जागच्या जागी उभं, आणि आत दहा पावलं गेलं की चटया अंथरल्यागत गोल गोल आडवं झालेलं, त्याच्यावर लोळलेलं, लोंब्या तोंडातनं ओढून दाणा तेवढा चावून चोथा थुंकून टाकलेला. पोटरीत असल्यापासनं ती येऊन चक्कर मारून जातात पण खरी धाड दाणा भरला की. अजून पंधरा दिवसांनी कापणी होती. माळावर तर नांगर चालवल्यागत झालेलं, वेल सगळे उलटेपालटे, अर्धी चावलेली रताळी पडलेली आणि त्यांचा पांढरा चीक वाळून काळा झालेला. कळप होता. लहान-मोठी खुरं एकात एक मिसळलेली, म्हणजे मादी आणि तिची पिल्लं. एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात, आणि वर्षाच्या आत ती पण बापाएवढं खायला लागतात.

आप्पांनी शिवी दिली नाही, डोक्याला हात लावला नाही. पाटाच्या कोपऱ्याला चिखलात एक खूर एकदम स्वच्छ उठलेलं होतं, पुढं दोन फाका आणि मागं दोन बारीक टोचे. ते बघितलं, घरी गेले, गोठ्यातलं घमेलं घेऊन आले आणि त्या ठशावर पालथं घालून वर दगड ठेवला. मला वाटलं म्हातारा खुळा झाला. पण दोन वर्षांमागं आमच्याच शेजारच्या बांधाला असं झालतं, बघायला माणूस आला चार दिवसांनी, मधी पाऊस पडलेला, आणि तो म्हणाला हे डुकराचं कशावरनं, गावातली जनावरं पण शिरलेली असतील. त्यावर शेजाऱ्याकडं बोलायला काहीच नव्हतं. आप्पांनी ते डोक्यात ठेवलं होतं. ते घमेलं पुढं पाच दिवस तिथं होतं आणि आई पाच दिवस शेण कशात भरू म्हणून बोलत होती.

आता प्रोसेस. इथनं पुढं जरा लांबड आहे पण कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सांगतो.

आमच्या बीटच्या फॉरेस्ट गार्डचा नंबर गावात सगळ्यांकडं असतो, त्याला फोन लावला. (नंबर नसेल तर वनखात्याची हेल्पलाइन आहे, १९२६.) पोरगा विजापूरकडचा, पंचविशीतला, मराठी अजिबात नाही, मला कन्नड वर्कशॉपमुळं बऱ्यापैकी येतं, आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. त्यानं पहिलं विचारलं, "हंदी एष्टु?" म्हणजे डुकरं किती. म्हटलं मोजायला मी तिथं असतो तर खाऊ दिलं असतं काय. तो हसला, म्हणाला फोटो तेगिरी म्हणजे काढा, लोकेशन चालू ठेवून, आणि कापू नका, हात लावू नका, सोमवार बर्तीनि, म्हणजे सोमवारी येतो. सोमवार का, तर दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार. कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवार सरकारी सुट्टी, मग रविवार. डुकरांना ह्यातलं काही लागू नाही, ती शनिवारी पण आली.

आणि हात लावू नका हे ऐकायला सोपं आहे. खाल्लेलं तसंच पडलेलं ठेवायचं, आणि न खाल्लेलं वाचवायचं, दोन्ही एकाच शेतात. पडलेल्या भाताचा वास लागला की कळप परत परत तिथंच येतोय. म्हणून शुक्रवारपासनं कापणीपर्यंत रोज राखण. काका आणि आप्पा आळीपाळीनं, शनिवार-रविवार मी.

राखणीबद्दल लिहायला बसलो तर वेगळंच लिहावं लागेल. बांधाच्या किंजळीला माळा बांधलेला, वर ताडपत्री, खाली शेकोटी. रात्री नऊला जेवून जायचं, बॅटरी, तेलाचा रिकामा डबा, दांडकं, सुतळी बॉम्ब. गोफण आता कुणाला नीट येत नाही, काकांना येते पण खांदा साथ देत नाही. अकरापर्यंत मोबाईल बघत जातंय, रेंज एका फांदीवर बसलं तरच येते. खरी वेळ एक ते चार. दव पडायला लागतं, शेकोटी विझते, डोळा लागतोच, आणि मग भातातनं आवाज येतो. तो आवाज कसा सांगू, कुणीतरी ओल्या कापडाची घडी हळूहळू फाडायल्यागत. उठून डबा बडवायचा, हाऽऽळी करायची, बॅटरी मारायची, की मग फुर्र करून एकदम दहा-बारा धावल्याचा आवाज आणि परत शांत. अर्ध्या तासानं दुसऱ्या टोकाला तेच. खाली उतरून जायची हिंमत होत नाही कारण आमच्याकडं डुकरं एकटी नसतात, अस्वल पण आहे. दोन ऑक्टोबरपासनं म्हणजे दसऱ्यापासनं आप्पा हे करायलेत, वय त्रेसष्ट, आणि एका रात्रीची सुट्टी घेतली ती ही अशी. फॉर्ममध्ये ह्याचा कॉलम नाही. मी शोधला नव्हता, पण भरताना सहज लक्षात आलं.

काकांचं म्हणणं पहिल्यापासनं वेगळं. "पूर्वी शिकार व्हायची, वाटे पडायचे, डुकरं बी आटोक्यात ऱ्हायची. आता तुमचं कायद्याचं राज्य." त्यांना मी दरवेळी तेच सांगतो की १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, २०२२ ला दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०२३ पासनं रानडुक्कर परिशिष्ट दोनमध्ये आहे, आपण मारलं तर पीक राहिलं बाजूला, आपण आत. पिकाला धोका असेल तर परवानगीनं मारायची तरतूद कायद्यात आहे, पण ती परवानगी वरच्या अधिकाऱ्यानं लेखी द्यायची असते. केरळात २०२२ पासनं पंचायतीच्या अध्यक्षाकडं तो अधिकार दिलाय हे मी फोनवर वाचून दाखवलं तर काका म्हणाले मग केरळातच जाऊ ऱ्हायला. गावठी बॉम्ब ठेवणारे पण असतात, त्यात डुकरापेक्षा गावची कुत्री जास्त गेलीत. आणि लाइनीवर आकडा टाकून तारेत करंट सोडणारे, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, त्यात रात्री पाणी बघायला गेलेली माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ह्या एका गोष्टीवर आप्पा आणि काका दोघांचं एकमत आहे, तारेत करंट नाही म्हणजे नाही.

सोमवारी गार्डला दुसरं काम निघालं. मी हाफ डे टाकून थांबलेलो तो वाया गेला. रात्री पाऊस. तो पाऊस ऐकत मी बेळगावच्या खोलीत पडलेलो आणि डोक्यात ते घमेलं. मंगळवारी आप्पांचा फोन, दगड होता म्हणून घमेलं हललं नाही.

बुधवारी २९ तारखेला तो आला, बाईकवर, सोबत एक वॉचर. आप्पा त्याला सरळ कोपऱ्याला घेऊन गेले आणि एखाद्यानं ताटावरचं झाकण काढावं तसं घमेलं उचललं. खूर जसंच्या तसं, कडा पण ढासळल्या नव्हत्या. सगळ्या शिवारात बाकी सगळे ठसे पावसानं पुसलेले. पोरगा इतका खूश झाला की त्यानं पहिला त्याचा फोटो काढला, मग घमेल्याचा काढला, मग आप्पांना घमेलं हातात धरून उभं करून काढला. शेवटचा सिस्टमला गेला नसावा. तारेला अडकलेले राठ केस पण आप्पांनी कागदात बांधून ठेवले होते, ते त्यानं बघितले पण घेतले नाहीत.

मग मोजमाप, आणि खरी भानगड तिथं.

गार्ड बांधावरनं एक फेरी मारून म्हणाला, नाल्कु गुंटे. चार गुंठे. काका म्हणाले वीस. मधे मी. आमच्या वर्कशॉपला दोन मायक्रॉन इकडंतिकडं झालं की जॉब रिजेक्ट होतोय आणि इथं चार का वीस ह्याच्यावर पंधरा मिनिटं चर्चा. काकांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, जिथं खाल्लं नाही तिथनं तुडवत गेलीत, ते आडवं पडलेलं भात मजुराकडनं उचलून घ्यायला दुप्पट वेळ लागतोय, दाणा मातीत जातोय. गार्डचा मुद्दा असा की वरनं विचारलं तर मला दाखवता आलं पाहिजे. शेवटी मी म्हटलं मोजूया. घरनं दोरी आणली, ३३ फुटावर गाठ मारली, ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. वॉचरनं एक टोक धरलं आणि मी एक, आणि एकेका चटईची लांबी-रुंदी घ्यायला लागलो. चौकटीच्या वहीत प्रत्येक डाग काढला, चौदा निघाले. गुडघ्याएवढ्या ओल्या भातात, पावसानंतरचं ऊन, अंगाला खाज, दोन तास. गार्ड आधी कंटाळलेला, मग त्याला पण मजा यायला लागली, सातव्या डागापासनं तो स्वतः आकडे लिहायला लागला. बेरीज ७,४०० चौरस फुटाच्या आसपास, म्हणजे पावणेसातच्या जरा वर. त्यानं सात लिहिलं. काका नाराज, पण वहीतला नकाशा बघून गप्प बसले. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला नुकसानभरपाई मागायची आहे त्यानं स्वतः आधी मोजून ठेवावं, दोरी आणि वही घेऊन, अंदाजानं बोललं की समोरचा पण अंदाजानंच बोलतो आणि त्याचा अंदाज नेहमी कमी असतो.

महजर लिहिला, म्हणजे पंचनामा, कन्नडात. पंच म्हणून शेजारचे दोघं. मी वाचून आप्पांना मराठीत सांगितलं आणि मगच सही करू दिली. कागदपत्रं मराठीत पण मिळावीत ही मागणी आमच्या भागात किती वर्षांची आहे ते सांगायला नको, तोवर घरात एक कन्नड वाचणारा असलेला बरा.

मग तो माळाकडं वळला, रताळ्याकडं, आणि फोनमध्ये पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, उघडून बघून म्हणाला, इथं रताळं नाहीच.

म्हणजे समोर दिसतंय, रताळं पायात येतंय, पण पहाणीत पिकाच्या रकान्यात पूर्ण सर्वे नंबरला भात. पीक सर्वेला जो पोरगा आलेला त्यानं खालच्या बांधावर उभं राहून भाताचा फोटो मारला आणि गेला, वर माळाला चढला नाही. आणि चूक आमची पण आहे, ॲपवर आपण स्वतः पीक नोंदवता येतं, नोंदलेलं चुकलं तर आक्षेप घेता येतो, ते मी ऑगस्टमध्ये बघू म्हणून ठेवलं आणि ती मुदत गेली. गार्ड म्हणाला घालतो मी, पण पुढं पहाणीला जुळलं नाही म्हणून सगळाच अर्ज अडकेल, भातापुरतं ठेवूया. मी पाच मिनिटं विचार केला आणि हो म्हटलं. खरं सांगायचं तर जास्त पैसा रताळ्यात होता. बेळगावच्या मार्केट यार्डातनं आमच्याकडची रताळी पार दिल्लीकडं जातात, दिवाळीनंतरचा बाजार म्हणजे रताळ्याचाच. नऊ-दहा गुंठे तरी उकरलेले. ते अर्जात नाहीच.

आता पहाणीतली दुसरी गोष्ट. नाव. आमच्या आज्जाचं. आज्जा जाऊन चौदा वर्षं झाली आणि शेत अजून त्याच्याच नावावर. पौती करायची, वारसा लावायचा, दरवर्षी सुगी झाली की करू, मग शिमगा झाला की करू, असं चौदा वर्षं. त्यात भांडण काही नाही, भांडण असतं तर कधीच झालं असतं, सगळं गोडीत असल्यामुळं कुणालाच घाई नाही. पैसे आप्पांच्या खात्यावर यायचे तर बाकी वारसांचं संमतीपत्र, बाँडवर, आणि नाडकचेरीतनं, म्हणजे महसूलच्या ऑफिसातनं, वंशावळ. वारस चार, आजी, आप्पा, काका आणि आत्या. आजी घरातच. काका बांधावरच उभे होते. आत्या महाराष्ट्रात.

शनिवारी एक नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि आमच्याकडं मराठी माणसांचा काळा दिन, शहरात मूक फेरी, त्या दिवशी कसलंच काम होत नाही. दोन तारखेला रविवारी मी बाँड घेऊन बाईकवर आत्याकडं, वेंगुर्ला रोडनं शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात. आत्या दारात बघून पहिलं काय म्हणाली तर, "रताळी आणलास न्हवं?" दरवर्षी दिवाळीनंतर तिला एक पोतं जातंय. सांगितलं सगळं. ती आत गेली, चहा टाकला, आणि आतनंच म्हणाली, "आप्पाला सांग, डुकरं हितं बी हाईत, पर आमचं पोतं तेवढं ठेवायचं की वो त्यांनी."

मामांनी, म्हणजे आत्याच्या मालकांनी, त्यांची पद्धत सांगितली. त्यांच्याकडं पण पंचनामाच, पण फॉर्म मराठीत आणि मोबाईलवर फोटो घालून अर्ज जातोय, पण सातबाऱ्यावर नाव मामांच्या भावाचं आधी आणि मामांचं नंतर म्हणून त्यांच्याकडं पण संमतीपत्राचंच लफडं झालेलं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. आत्यानं बाँडवर सही केली, लहानपणी आमच्याच गावच्या मराठी शाळेत शिकलेली सही, एकेक अक्षर सावकाश. म्हणाली, "हिस्सा सोडला असं तर लिवलेलं न्हाई न्हवं ह्याच्यात?" मी म्हटलं नाही, फक्त पैसे आप्पांच्या खात्यावर जमा व्हायला हरकत नाही असं आहे. "वाच." वाचून दाखवलं, कन्नडाचं मराठी करत करत. मग सही खाली तारीख पण तिनंच घातली. बाईमाणसाला विचारायला नको असं समजणाऱ्यांनी तिच्यासमोर बसून बघावं एकदा.

त्यानंतरचं पटकन सांगतो. वंशावळ आठ दिवसात मिळाली. पहाणी, आधार, पासबुक, फोटो, महजर, संमतीपत्र सगळं गार्डकडं दिलं आणि ई-परिहार म्हणून सिस्टम आहे त्यात चढवलं. बँकेत एक अडचण निघाली, आप्पांचं पीक कर्ज एका बँकेत आणि आधार जोडलेलं दुसऱ्याच बँकेला, गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी काढलेलं खातं, थेट पैसे येतात ते आधार ज्याला जोडलंय तिथंच. ते तसंच राहू दिलं. परत काही हलवायची इच्छा नव्हती.

मधल्या काळात कापणी झाली, मळणी झाली. नोव्हेंबरात बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या झूमध्ये ३१ काळवीटं मेली, आठवडाभर पेपरात तेच, मी गार्डला विचारलं तर म्हणाला साहेबलोक सगळे तिकडं, आता नका विचारू. डिसेंबरात विचारलं, फाइल वर गेलीय. जानेवारीत विचारलं, वरच आहे. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, तो बिचारा स्वतः रोज रात्री आमच्यासारखाच रानात, आणि त्याचं गाव दोनशे किलोमीटरवर. संक्रांतीला आईनं त्याला बोलवून तिळाच्या पोळ्या दिल्या. त्यानं घमेल्याचा तो फोटो अजून ठेवलाय, त्याच्या रूमवरच्या पोरांना दाखवतो म्हणाला.

पैसे फेब्रुवारीच्या शेवटी आले, पण आम्हाला कळलं होळीच्या वेळी, कारण त्या गॅसच्या खात्याला जुना मोबाईल नंबर. आप्पा पासबुक भरायला गेले तेव्हा दिसलं. सहा हजार आणि वर थोडे. सात गुंठ्याचं भात तीन क्विंटलच्या आसपास होतंय, साध्या भाताचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,३६९, म्हणजे हमीभावानं पण सात हजाराच्या वर गेलं असतं, आणि इंद्रायणीला बाहेर त्याच्यापेक्षा बरा दर मिळतोय. बाँड, नोटरी, माझे दोन हाफ डे, पेट्रोल हे काढलं तर काय उरतंय ते मी आप्पांना सांगितलं नाही. ते खूश होते. चौदा वर्षात आज्जाच्या शेतावर सरकारकडनं आलेला हा पहिला पैसा म्हणाले, जणू आज्जानंच पाठवला.

आता केंद्रानं २०२५ च्या नोव्हेंबरात सांगितलंय की २०२६ च्या खरिपापासनं पीक विम्यात जंगली जनावरांचं नुकसान पण धरणार, ७२ तासात ॲपवर फोटो घालून कळवायचं. कुठली जनावरं आणि कुठला भाग ते राज्यानं ठरवायचं आहे. चांगलंच आहे, पण ७२ तास वाचून मला पहिला तो चौथा शनिवार आठवला. आणि विमा पण पहाणीवरच्या पिकाचाच, त्यामुळं यंदा सर्वे मी स्वतः करणार, माळावर चढून. पौतीचा अर्ज पण घातलाय, शिमग्याच्या आधी, ह्यावर घरात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

सोलरच्या झटका तारेचा रेट काढून आणला, आमच्या एवढ्या शेताला सहा हजार म्हणजे नुसते खांब होतील. म्हणून सध्या विहिरीजवळच्या उन्हाळी भुईमुगाला जुन्या साड्याच बांधायच्या ठरल्या. साड्यांनी एक महिनाभर फरक पडतो, वाऱ्यानं हलतात, माणसाचा वास असतो, मग डुकरं सोकावतात आणि खालनं मुसंडी मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बांधतात. आप्पांनी पैशातनं आत्याला पाचशे रुपये पाठवले तर तिनं ते घेतले आणि उलट माझ्याबरोबर तिच्या गल्लीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांचं एक गाठोडं पाठवलं, बाईकच्या मागं बांधून आणलं ते, शिनोळीच्या नाक्यावर पोलिसानं थांबवून विचारलं काय आहे ह्यात, म्हटलं डुकराचं कुंपण. त्यानं हात लावून बघितलं आणि जा म्हणाला.

रविवारी सगळे बांधायला गेलो. काका खुंट्या ठोकायलेत, मी दोरी ओढायलोय, आप्पा एकेक साडी उलगडून द्यायलेत. आजी बांधावर बसलेली. तिला दिसतं कमी, पण सात-आठ साड्या गेल्या आणि एका हिरव्या साडीला तिनं हात केला, हिकडं आण ती म्हणाली. काठ बोटात धरून बघितला, मग दुसरा काठ. आत्याच्या लग्नातली होती, आजीनं बेळगावातनं आणलेली. कुठं फाटलीय ते चाचपलं, घडी घातली आणि मांडीखाली घेऊन बसली. कुंपणाला त्या जागी एक साडी कमी पडली, तिथं आम्ही युरियाचं पोतं बांधलं.